गिरडच्या टेकडीवरचे नारळ

आमच्या दादीअम्माच्या पानदानात अडकित्ता, चुन्याची डबी आणि कात यांच्या शेजारी एक दगड असायचा. सुपारीएवढा, गोल, वरून मातकट. लहानपणी मी तो एकदा सुपारी समजून तोंडात टाकला होता. दादीअम्मा रागावली नाही. हसून म्हणाली, "अरे, ही गिरडची सुपारी. बाबांच्या आधी खाता आली असती, आता नाही यायची." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

वर्ध्याला येणारा पाहुणा सेवाग्राम पाहतो, पवनारला धामच्या काठी थोडा वेळ बसतो आणि परततो. साठेक किलोमीटरवर, समुद्रपूर तालुक्यात, उमरेडच्या बाजूला गिरड नावाचे एक आगळे गाव आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. विदर्भातल्या मुसलमानांना आणि तितक्याच हिंदूंना मात्र ते सांगावे लागत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका शनिवारी आम्ही निघालो. अम्मी, मी आणि माझा भाचा. भाचा नागपूरला भूगर्भशास्त्र शिकतो. अम्मीच्या पर्समध्ये तोच दगड होता. दादीअम्मा गेल्यावर तो तिच्याकडे आला.

गिरडची टेकडी दुरूनच दिसते. वर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. दर्ग्याइतकाच नवलाचा आहे तो पायाखालचा मुरूम. त्यात गोल, लांबट, लहानमोठे गोटे विखुरलेले. एखादा फोडला तर आत पांढरे स्फटिक. ते पाहून ज्याला नारळ आणि सुपारी आठवणार नाही, त्याने नारळच पाहिला नसावा.

लोक सांगतात ती हकिकत इंग्रजांनी मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्येही उतरवून घेतली. तीस वर्षे फकिरी करत हिंडलेले बाबा सुमारे १२४४ साली या टेकडीवर येऊन राहिले. दोन फिरते व्यापारी माल घेऊन जात होते, त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून तितकाच माल पुन्हा करून दिला. व्यापारी तिथेच राहिले, सेवा करत मेले. त्यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दोन कबरी टेकडीवर आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण इथून सुरू होते. गिरडचे बाबा म्हणजेच हजरत फरीदुद्दीन मसूद गंजशकर, असे बहुतेक भाविक मानतात. आता गंजशकर हे काही अंधारातले नाव नाही. मुलतानजवळ बाराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले, ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचे मुरीद आणि दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे पीर. त्यांची रचना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्यांची मजार अजोधनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पाकपट्टणला आहे. इब्न बतूता १३३४ साली तिथे जाऊन आला. १२४४ च्या सुमारास ते अजोधनलाच खानकाह चालवत होते. खलीक अहमद निजामी यांनी १९५५ साली लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र वाचले, तर त्या आयुष्यात वर्ध्याच्या टेकडीसाठी जागा काढणे कठीण जाते.

शिवाय एक गंमत पाहा. बाबा फरीद यांच्याविषयी सर्वांत भरवशाचे जे आपल्याकडे आले, ते निजामुद्दीन औलियांच्या बैठकांतल्या आठवणींतून. त्या बैठका 'फवाइद-उल-फुआद'मध्ये लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्जी आपल्या खुलताबादला चिरनिद्रा घेत आहेत. म्हणजे त्यांच्या चरित्राचा साक्षीदार महाराष्ट्रात येऊन राहिला हे खरे. ते स्वतः आले असे म्हणायला तसा पुरावा नाही. १२४४ साली या मुलखावर देवगिरीच्या यादवांचा, सिंघणाचा अंमल होता. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी पन्नास वर्षांनंतरची. एकटादुकटा फकीर त्याआधी इथे पोचलाच नसेल असे मी म्हणणार नाही. पण हा फकीर तोच, हे सांगता येत नाही. फरीद हे नाव त्या काळात एकाच माणसाचे नव्हते.

मग हकिकत आली कुठून? गंजशकर या नावाच्या कथा पाहाव्यात. साखरेच्या गोण्या घेऊन एक व्यापारी चालला होता. बाबांनी विचारले, काय आहे? तो खोटे बोलला, मीठ. बाबा म्हणाले, मीठ तर मीठ. गोण्या उघडल्या तर खरेच मीठ. माफी मागितली, तेव्हा पुन्हा साखर झाली. दुसरी कथा अशी की उपाशी बाबांनी तोंडात खडे टाकले आणि त्यांची साखर झाली. गिरडची कथा हीच आहे, फक्त उलटी फिरलेली. तिथे खड्यांचे खाणे झाले, इथे खाण्याचे खडे.

आणि माल बदलला. मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते याने. वर्ध्याच्या मातीत कापूस होतो, ज्वारी होते. नारळ होत नाही. रेल्वेपूर्वी इथे नारळ, सुपारी, मीठ यायचे ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, कोकणच्या किनाऱ्याकडून. वऱ्हाड-नागपुरातले धान्य आणि कापूस तिकडे, मीठ आणि नारळ इकडे. शेकडो बैलांचा तांडा टेकडीच्या पायथ्याशी थांबला असेल, गोट्यांकडे पाहून कोणाला तरी आपल्याच गोणीतला माल आठवला असेल, आणि उत्तरेकडून ऐकलेली साखरेची गोष्ट त्याच्या तोंडून नारळाची होऊन बाहेर पडली असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण या कथेत राजा नाही, सुभेदार नाही, लढाई नाही. दोन व्यापारी आहेत, आणि ते अखेरीस संताच्या शेजारी पुरले गेले आहेत. गोष्ट ज्यांची असते तेच तिच्यात उरतात. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली आणि तांड्यांचा तो धंदा हळूहळू संपला. गोष्ट राहिली.

भाच्याची हकिकत वेगळी होती. त्याने एक गोटा हातात फिरवला आणि सांगू लागला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले आणि त्यातल्या द्रव्यांचे स्फटिक आत साचले. हे झिओलाइट. भोवतालचा काळा खडक झिजून गेला आणि आतले गोटे मोकळे झाले. क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने १७५६ साली हे नाव दिले, कारण तापवले की हा दगड उकळल्यासारखा फेसाळतो. नागपूर परिसरातल्या खडकांवर पहिल्यांदा नीट लिहिले ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्यात बुडून गेले. हे सांगताना भाच्याचा आवाज जरा खाली आला. प्रत्येकाचे आपापले बुजुर्ग असतात.

मला भीती अम्मीची होती. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "साडेसहा कोटी वर्षे? आणि हे कोणी केले म्हणालास?"

"कोणी नाही, नानी. पाण्याने."

"पाणी कोणाचे?"

भाचा गप्प बसला. मलाही १२४४ चा हिशेब तिच्यापुढे मांडवला नाही. कित्येक वर्षे मी व्याख्यानांत दर्ग्यांच्या दंतकथांवर बोलत आलो. आपल्या सुधारक मंडळींना त्या कथा अज्ञान वाटतात, कडव्या मंडळींना शिर्क वाटतात. दोघेही त्या पुसायला एकदमच निघतात, आणि पुसताना बंजाऱ्यांच्या त्या दोन कबरीही पुसल्या जातात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सनावळीने ही जागा गंजशकरांची ठरत नाही, हे मी लिहिणारच. ते लपवले तर इतिहास लिहू नये. पण इथे शेकडो वर्षे कोण आले, कोणते ओझे घेऊन आले, याचा दुसरा कागद या टेकडीखेरीज आपल्याकडे फारसा नाही, हेही त्याच लेखात लिहायला हवे.

दर्ग्यात त्या दिवशी गर्दी बेताची होती. आमच्यापुढे नऊवारीतली एक म्हातारी बाई नातवाला घेऊन आली होती. तिच्या हातात नारळ होता, खराखुरा. नातवाने बाहेरचा एक गोटा उचलून तिच्या नारळाला लावून पाहिला.

उतरताना भाच्याला परीक्षेसाठी एक नमुना हवा होता. अम्मीने पर्स उघडली आणि दादीअम्माचा दगड त्याच्या हातावर ठेवला. "टेकडीवरचा उचलू नकोस," ती म्हणाली. "हा घे. फक्त फोडू नकोस."

त्याने तो अजून फोडलेला नाही. परीक्षेला त्याने दुसराच दगड नेला.