वेडी बाभूळ : एका शासकीय निर्णयाची कथा

गुजरात, राजस्थान वा तमिळनाडूत वास्तव्य असलेल्या मराठी वाचकांनी रेल्वेच्या खिडकीतून मैलोन्‌मैल पसरलेले एक काटेरी झुडूप निश्चितच पाहिले असेल. मराठीत ती वेडी बाभूळ, गुजरातीत गांडो बावळ, तमिळमध्ये सीमै करुवेलम. वस्तुतः ही बाभूळ नव्हेच. अमेरिका खंडाच्या कोरड्या उष्ण प्रदेशातील ही वनस्पती दीर्घकाळ आपल्या शमीच्याच 'प्रोसोपिस' प्रजातीत गणली जाई. २०२२ साली शास्त्रज्ञांनी तिला 'नेल्टुमा' या वेगळ्या प्रजातीत घातले.

ती आपसूक आली नाही, शासनाने आणली. १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्याच्या वनखात्याने कडप्पा भागात तिचे बी पेरले. जळणाची टंचाई हे कारण होते. १९४० साली जोधपूर संस्थानाने तिला 'शाही वृक्षा'चा मान दिला. याच मारवाडात १७३० साली खेजडलीच्या ३६३ बिश्नोईंनी खेजडीसाठी, म्हणजे शमीसाठी, प्राण वेचले होते, हे येथे आठवावे.

पुढे १९६०-६१ मध्ये कच्छच्या रणाचा प्रसार रोखण्यासाठी बन्नीच्या कडेने सुमारे ३१ हजार हेक्टरांवर तिची लागवड झाली. हेतू वाईट नव्हता. खाऱ्या जमिनीत, पावसावाचून तगणारे दुसरे झाड सहजी मिळत नाही. परंतु तिच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात, बी शेणावाटे दूरवर रुजते आणि खोड तोडले तरी पुन्हा फुटते. झाड कडेला थांबले नाही, कुरणात शिरले. गवत हटले. या शेंगा म्हशी पचवितात. कांक्रेज गाईंना त्या बाधतात. त्यामुळे मालधारींच्या कळपांचे स्वरूपच पालटले.

आता गुंता असा, की याच झाडाच्या कोळशावर अनेक कुटुंबे जगतात. कोळशावरील बंदी २००४ मध्ये उठली, २००८ मध्ये पुन्हा आली. झाड ठेवावे तर गुराखी नाडला जातो, काढावे तर कोळसेवाला. तमिळनाडूत २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने ते उपटण्याचे आदेश दिले. तेथेही वाद उठलाच.

प्रशासनाच्या नस्तीत 'लागवड पूर्ण' असा शेरा पडला की विषय संपतो. जमिनीवर मात्र तो तेथूनच सुरू होतो. बन्नीतील कुरणाचा अनुभव तेथल्या मालधारींना पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. लागवडीआधी त्यांचे मत नस्तीवर आले असते, तर गाईंचा प्रश्न निदान विचारला तरी गेला असता.