कुत्रीच्या नसबंदीनंतर वेदनाशामक औषध आणि घरची काळजी

नसबंदीत पोट उघडून अंडाशय, बहुधा गर्भाशयही काढतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस दुखणे स्वाभाविक आहे.

औषध : घरातले आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. पहिल्या दोन्हींमुळे जठरात व्रण होऊन किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरते. पशुवैद्यक बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. पण ५ किलोच्या कुत्रीला रोज साधारण ०.५ मिग्रॅ पुरते. माणसांची गोळी ७.५ मिग्रॅची, म्हणजे पंधरापट! म्हणून लिहून दिलेलेच औषध, तेवढ्याच मात्रेत, खाणे झाल्यावर द्या.

घरी : १० ते १४ दिवस उड्या, पळापळ आणि अंघोळ बंद. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन घाला. जखम दिवसातून दोनदा पाहा. यवतमाळच्या उन्हाळ्यात सावलीत ठेवा, पाणी जवळ असू द्या.

लगेच पशुवैद्यकाकडे न्या : जखमेतून रक्त किंवा पू, टाके उघडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, वारंवार उलटी, काळी शी, २४ तासांनंतरही काहीच न खाणे.

दुखणारी कुत्री घरच्यांनाही चावू शकते. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात या. हळद, चुना लावू नका.