दार लावून बसलेली सभा

श्रोतेहो, मागच्या हिवाळ्यात मी शेलूबाजारला गेलो होतो. वाशीम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे असेल. नागपूरहून मेहकरकडे जाणारा जुना रस्ता गावावरून जातो, आणि आता समृद्धी महामार्गही जवळून गेलेला आहे. गावाच्या नावातच बाजार आहे, आणि बाजार म्हटला की सारा व्यवहार उघड्यावर. सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी, कोणाच्या मुलीचे कुठे ठरले, सगळे चारचौघांत. असल्या गावात कोणी दार लावून बसले की त्याची चर्चा होणारच.

तशी ती चालली होती. जवळच्या एका वस्तीत दहाबारा बाया दर पंधरवड्याला एका घरी जमत. सगळ्या विधवा, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरच्या. येईल तिला प्रवेश नव्हता. आधीच्या दोघींनी भरवसा दिला तरच तिसरी आत. सातबाऱ्यावर नाव कसे लावायचे, दीर बँकेचे पासबुक देत नाही त्याला काय करायचे, हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, पुन्हा लग्न करावेसे वाटले तर कोणाला सांगायचे, अशा गोष्टी तिथे निघत. चहाच्या टपरीवर एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, “काहून जी, गावात काही चोरी आहे काय? दार लावून बसाचं कारण काय?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गावाच्या गोष्टी गावासमोर व्हाव्यात, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पुढे त्या बायांपैकी एकीची गाठ पडली. ती म्हणाली, “दार उघडं ठेवलं त सासरा आयकते, दीर आयकते. मंग आमी बोलाव का निस्तं बसाव?”

मी इतिहासाचा शिक्षक. दोघांचे ऐकून मला मुंबईची एक जुनी गोष्ट आठवली. आज तीच सांगणार आहे.

ही गोष्ट १८४९ सालची. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबईत मात्र इंग्रजी शिकलेल्या तरुणांची पहिली पिढी उभी राहिली होती. त्या तरुणांनी एक सभा काढली, तिचे नाव परमहंस सभा. तिच्यामागे मुख्य माणूस दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा ते हेच. त्याआधी १८४४ साली सुरतेस असताना त्यांनी तिथल्या मंडळींबरोबर मानवधर्म सभा स्थापन केली होती. मुंबईच्या सभेचे अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. ईश्वर एक आहे, माणसाची जात एक आहे, जातिभेद मानू नये, विधवांना पुन्हा लग्न करता यावे, अशी या मंडळींची मते होती. आज ही मते कोणी व्यासपीठावरून सांगितली तर लोक टाळ्या वाजवून घरी जातील. पण परमहंस सभेच्या बैठका गुप्तपणे भरत. ओळखीच्या माणसाने आणल्याशिवाय नवा माणूस आत येत नसे.

आत येणाऱ्याची परीक्षा कशी होती पाहा. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. बस्स, एवढेच. आज आपण बसस्थानकावर उतरलो की बेकरीत पाव कोणी भाजला ते विचारतो का? त्या काळी त्या एका घासाने माणूस जातीतून उठत असे. मुलीचे लग्न अडे, श्राद्धाला भटजी मिळेना, मयताला खांदा देणारे मिळेनात. म्हणून तो घास दाराआड खाल्ला जाई. प्रार्थना होई, निबंध वाचले जात, वाद होत, आणि मग जो तो आपापल्या घरी जाऊन सोवळ्यात जेवायला बसे.

“मग कसले हे सुधारक!” असे कोणी म्हणेल. थांबा. त्यांची भीती उगाच नव्हती. सहा वर्षांपूर्वीचेच प्रकरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाचा एक ब्राह्मणाचा मुलगा पाद्र्यांकडे राहिलेल्या आपल्या भावाजवळ काही दिवस राहिला. बापाने कोर्टातून मुलाचा ताबा मिळवला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. ‘दर्पण’ काढणारे, कॉलेजात शिकवणारे, सरकारदरबारी वजन असलेले बाळशास्त्री. पण जातवाल्यांनी त्या मुलाबरोबर बाळशास्त्रींनाही वाळीत टाकले. एका लेकराला परत घरात घ्या, इतके म्हटल्याची ही शिक्षा! मग जात मुळातच मानू नका असे म्हणणाऱ्याचे काय झाले असते? तेव्हा ते दार लावले हा भित्रेपणा होता असे मला वाटत नाही. ज्याला बोलल्याबद्दल शिक्षा होते, त्याला बोलून पाहण्यासाठी आधी चार भिंती लागतात. पहिल्यांदा मनातले शब्द तोंडाबाहेर काढताना माणूस अडखळतो, चुकतो, आपलेच म्हणणे मागे घेतो. ते करायला जागा हवी.

आपली संख्या हजारावर गेली की मग जगासमोर जाहीर व्हायचे, असा या मंडळींचा बेत होता. हजार माणसांना एकदम वाळीत कोण टाकणार? हिशेब वाईट नव्हता. सभेच्या शाखा मुंबईबाहेरही निघाल्या. पण वर्षे जात राहिली आणि हजाराचा आकडा काही भरला नाही. माझ्या मते सभेचे खरे दुखणे हेच. दार कधी उघडायचे ते त्यांनी ठरवले होते, पण ते अशा आकड्यावर ठरवले की तो भरेपर्यंत काहीच करावे लागू नये.

त्या सभेतली एक व्यक्ती म्हणजे बाबा पदमनजी. यांना हे दाराआडचे जिणे सोसवले नाही. आत एक आणि बाहेर एक असे वागणे त्यांच्या मनाला टोचू लागले, आणि १८५४ साली त्यांनी उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी परमहंस मंडळींचे वर्णन केले. गुप्त सभेची माहिती आपल्याला मिळते ती बऱ्याच अंशी सोडून गेलेल्या माणसाकडून. आत राहिलेल्यांनी कोणासाठी लिहावे?

आणि मग १८६० साल उजाडले. सभासदांच्या नावांची यादी कोणीतरी चोरली आणि नावे फुटली. कोणी पाव खाल्ला, कोणी पाणी प्याले, ते सगळ्या गावाला कळले. ज्या घरांत कोणाला काही ठाऊक नव्हते तिथे आईबाप, सासुरवाडी, जातपंच जाब विचारू लागले. सभा मोडली. अकरा वर्षांचे काम एका चोरलेल्या वहीने संपले असे पुस्तकांत लिहितात. मला ते पुरते पटत नाही. वही निमित्त झाली. ज्यांना एकमेकांवाचून बाहेरचे एकही माणूस आपल्या बाजूने करता आले नव्हते, त्यांच्या बाजूने त्या दिवशी बोलणार कोण? पावाचा घास त्यांनी आपापल्या मनाच्या समाधानासाठी खाल्ला होता. ज्याच्या हातचे पाणी ते प्याले, त्याला दुसऱ्या दिवशी विहिरीवर काही वेगळे दिसले नाही. विधवांची लग्ने व्हावीत असे मत झाले, पण खोलीत बसलेले होते ते शिकलेले पुरुष.

तरी ती अकरा वर्षे फुकट गेली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सभा मोडल्यावर सातच वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, मुंबईत प्रार्थना समाज निघाला, तो उघडपणे. त्यात पुढाकार घेणारे डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे दादोबांचेच धाकटे भाऊ. दाराआड जे विचार घोटून झाले होते तेच थोडे सौम्य होऊन दिवसाउजेडी आले. दुसऱ्याच वर्षी दादोबांचे ‘धर्मविवेचन’ छापले गेले. ते लिहून झाले होते १८४३ साली! छापताना त्यावर त्यांनी आपले नाव घातले नाही, ‘एक जगद्वासी आर्य’ असे टोपणनाव घातले. पंचवीस वर्षांनीही दार पुरते उघडलेले नव्हते.

त्याच १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. इथे फरक लक्षात घ्या, बरं का. मुंबईच्या तरुणांनी दुसऱ्याच्या हातचे पाणी गुपचूप पिऊन पाहिले. जोतीरावांनी आपले पाणी दुसऱ्याला दिले, आणि तेही आळीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज काढला, तोही गुप्त नव्हता.

उघड्यावर आले म्हणून बहिष्कार थांबला असे समजू नका. १८६९ साली मुंबईत सुधारकांनी उघडपणे एक विधवाविवाह लावला, तर त्यांच्यावर बहिष्कार पडला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी एका समारंभाला गेली. तिथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात जाहीर करवली. पुन्हा तेच, नावांची यादी! मोठे ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि रानड्यांसारख्या न्यायमूर्तींनाही १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या पेल्यासाठी! म्हणून जेव्हा कोणी सहज म्हणते की, “उघड बोलायला काय हरकत आहे?” तेव्हा मी विचारतो की उघड बोलल्याची किंमत कोण भरणार आहे, तुम्ही की तो?

पाण्याची ही गोष्ट पुढे महाडला गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह भर दुपारी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. मार बसला, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, खटला चालला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आपल्या विदर्भातही त्याच सुमारास अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्यात आल्या. १८४९ साली बंद खोलीत प्यायलेले पाणी चव्हाट्यावर यायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

आता टपरीवरच्या त्या गृहस्थांच्या शंकेकडे वळतो, कारण तीही खोटी नाही. दाराआड नेहमी दुबळेच बसतात असे थोडेच आहे? आपल्याकडे जातपंचायती पिढ्यान्‌पिढ्या अशाच बसत आल्या. आत कोणाला येऊ द्यायचे ते पंच ठरवीत. बाईला तोंड उघडायची सोय नसे. आणि आतला निर्णय मात्र बाहेरच्या कुटुंबावर पडे. अमक्याच्या घरी जाऊ नका, त्याच्या पोराला मुलगी देऊ नका. या सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. बाळशास्त्रींना वाळीत टाकले त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी!

तेव्हा दार बंद आहे का, एवढेच पाहून भागत नाही. परमहंस सभा बंद होती आणि जातपंचायतही बंद होती. पहिलीतून बाहेर कोणावर हुकूम सुटत नव्हता. दुसरी हुकमासाठीच बसत होती. खोलीत बसणाऱ्यांनी आपले दुःख बोलावे, वाचावे, भांडावे, त्यात गावाने डोकावण्याचे कारण नाही. पण जिथे दुसऱ्याच्या विहिरीचा, शेताचा, लग्नाचा निकाल लागतो तिथे त्या दुसऱ्याला बसायला जागा हवी, आणि दारही उघडे हवे. गावकीचा पैसा कुठे खर्चायचा हे चौघांनी दाराआड ठरवून ग्रामसभेत नुसते अंगठे घ्यायचे, ही चाल तुमच्या-आमच्या गावांत आहे, आणि त्याला त्या गृहस्थांचा प्रश्न बरोबर लागू पडतो. फक्त त्यांनी तो चुकीच्या दारावर विचारला.

आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याने यातून एक वाट काढलेली आहे, ती फारशी कोणी वापरत नाही ही गोष्ट वेगळी. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. म्हणजे आधी आपसांत बोला, मग सगळ्यांसमोर या. सगळ्यांसमोर मांडलेल्या गोष्टीचा उपयोग काय होतो, ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने दाखवले. मे २०२२ मध्ये त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करावयास सांगितले.

त्या शेलूबाजारजवळच्या बाईला मी हेरवाडचे सांगितले. तिने तो ठराव ऐकून घेतला. मग म्हणाली की, आमच्यातल्या दोघी अजून बोलायला धजत नाहीत, एक तर नुसती रडते. दोन बैठका अजून होऊ द्या. मी विचारले, “दोनच ना? हजार तर नाही?” तिला त्यातले काही कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते. ती म्हणाली, “दोन नाई त तीन. मंग ग्रामसभेत जाऊ. पन कागद तुमी लिहून द्या गुरुजी, आन् नावं सगळ्याईची टाका, एकीचं नोका टाकू.”

कागद लिहून ठेवला आहे. खाली नावांसाठी बारा ओळी सोडल्या आहेत.