क्वांटम बायझंटाइन सहमती

क्वांटम बायझंटाइन सहमती : जाळ्यातले काही संगणक बिघडलेले किंवा फितूर असतानाही उरलेल्यांनी एकाच निर्णयावर यावे, यासाठी क्वांटम अवस्थांची देवाणघेवाण करणारी कार्यपद्धती. मूळ प्रश्न पीझ, शोस्टॅक व लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये मांडला. १९८२ च्या लेखात त्यांनी तो वेढा घालून बसलेल्या बायझंटाइन सेनापतींच्या रूपाने सांगितला. नाव त्यावरून पडले.

फितूर संगणक एकाला ‘हल्ला’ आणि दुसऱ्याला ‘माघार’ सांगू शकतो. स्वाक्षऱ्यांची सोय नसेल, तर सदोष संगणक एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून कमी असावे लागतात. शिवाय ठरीव पद्धतीने t सदोष संगणकांना पुरून उरायचे, तर संदेशांच्या किमान t+१ फेऱ्या लागतात. १९८३ मध्ये बेन-ऑर आणि राबिन यांनी यादृच्छिकतेचा मार्ग दाखवला: मते फुटली की नाणे फेकायचे. सर्वांना तोच कौल मिळाला, तर थोड्याच फेऱ्यांत एकमत होते.

अडचण आहे ती सर्व काही पाहणाऱ्या शत्रूची. नाणे पडताच तो कौल वाचतो आणि नको असलेला कौल देणारा संगणक संदेश जाण्याआधीच बंद पाडतो. मायकेल बेन-ऑर आणि अविनातान हसिदिम यांनी २००५ मध्ये यावर काढलेला तोडगा अतिशय सुंदर आहे. प्रत्येक संगणक परस्परगुंफित, म्हणजे मापन केल्यावर सर्वत्र एकच कौल देणारे, क्यूबिट (क्वांटम बिट) तयार करून एकेक सर्वांकडे पाठवतो. सोबत नेता निवडण्यासाठी अनेक अंकांचे अध्यारोपणही (मापनापर्यंत कोणताच एक अंक न ठरलेली अवस्था) पाठवतो. सर्व जण मापन करतात, ज्याचा अंक सर्वांत मोठा तो नेता, आणि त्याच्या क्यूबिटांचा कौल सर्वांचा. वाटप चालू असताना कौल अस्तित्वातच नसतो, म्हणून अवस्था पूर्णपणे ठाऊक असलेल्या शत्रूलाही आंधळेपणानेच घाव घालावा लागतो. हे सरळ रूप फक्त बंद पडणाऱ्या संगणकांपुरते आहे. खोटे बोलणाऱ्यांसाठी पडताळता येणारी क्वांटम गुपितवाटणी (गुपित अनेकांत विभागून ठेवण्याची पद्धत) जोडावी लागते. तरीही फेऱ्यांची सरासरी संख्या संगणकांच्या संख्येबरोबर वाढत नाही. अशाच शत्रूपुढे साध्या संदेशांनी ती वाढणे अटळ असते, हे १९९८ मध्येच सिद्ध झाले होते.

गुंफणीतून संदेश क्षणात पोहोचतात, हा समज चुकीचा आहे. एक तृतीयांशाची मर्यादाही तशीच राहते. फिट्झी, जिझँ व माउरर यांची २००१ ची तीन सहभागींची पद्धत ती ओलांडते असे वाटते, पण तिथे उद्दिष्टच सौम्य आहे: एकमत व्हावे, नाहीतर सर्व प्रामाणिकांनी मिळून प्रयत्न सोडून द्यावा. चार फोटॉनांच्या गुंफणीने याच सौम्य रूपाचा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.