आघाताचा हिशेब

भोर संस्थान १९४८मध्ये विलीन झाले, इंग्रजी मात्र शाळाशाळांतून वाढत गेले. २०००पासून तर महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आले आणि भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावांतल्या मुलांसमोरही पुढे विज्ञानाचे लांबलचक शब्द उभे राहिले. हे शब्द अक्षरे फोडून, सर्वांवर सारखाच जोर देऊन वाचायची आपली जुनी सवय. ती टाकून द्यावी, असे मला वाटत नाही. तिच्याच शेजारी आपले छंदशास्त्र आहे. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हे वृत्ते शिकताना प्रत्येकाने घोकलेले असते. लॅटिन-ग्रीक घडणीच्या इंग्रजी शब्दांतही बहुधा असाच हिशेब चालतो: शेवटून दुसरे अक्षर जड असेल तर आघात त्यावर, हलके असेल तर त्याच्या आधीच्यावर. ‘इलेक्ट्रॉन’मध्ये ‘क्ट्र’च्या आधीचा ‘ले’ गुरू, आघातही तिथेच. ‘अपेंडिसायटिस’मध्ये तो ‘साय’वर.

गुरू म्हणजे उच्चाराचा काळ, आघात म्हणजे जोर, दोन्ही एक कसे, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय आपली लिपी चकवतेही. ‘थर्मामीटर’मधला ‘मी’ आपण दीर्घ केला. मुळात तो ऱ्हस्व, म्हणून आघात त्याआधीच्या ‘मॉ’वर जातो. ‘फोटोसिंथेसिस’मधला ‘थे’ही मुळात ऱ्हस्वच, आघात ‘सिं’वर. तेव्हा मात्रा मोजायच्या त्या मूळ उच्चाराच्या, आपल्या लेखनाच्या नव्हेत. एवढे पथ्य पाळले, तर परक्या शब्दाचा आघात शोधायला घरचेच शास्त्र पुष्कळदा उपयोगी पडते.