खेरसोन, एप्रिल 1933 : परक्या किडनीचे 48 तास

माणसाची किडनी माणसालाच बसवण्याचा जगातला पहिला प्रयत्न 3 एप्रिल 1933 रोजी युक्रेनमधल्या खेरसोन शहरात झाला. दोन दिवसांत रुग्ण दगावली. खालचे तास तिच्या मृत्यूपासून उलटे मोजलेले आहेत आणि ते ढोबळच समजावेत.

काही दिवस आधी

सव्वीस वर्षांच्या एका बाईला रुग्णालयात आणतात. जीव द्यायचा म्हणून तिने मर्क्युरिक क्लोराइड घेतलं आहे. पाऱ्याचा हा जहाल क्षार त्या काळी जंतुनाशक म्हणून सर्रास वापरात होता आणि आत्महत्येसाठीही अनेकांच्या हाती लागत होता.

पारा पोटातून रक्तात जातो, रक्तातून किडनीत. तिथल्या बारीक नलिकांचं अस्तर तो जाळून टाकतो. लघवी बंद होते. युरिया आणि पोटॅशियम रक्तात साठत जातं, गुंगी चढत जाते. पण ही इजा कायमची असतेच असं नाही. रुग्ण दोन-तीन आठवडे तगला, तर नलिकांचं अस्तर पुन्हा धरू शकतं. म्हणजे प्रश्न आहे तो मधले दिवस निभावून नेण्याचा. रुग्ण वाचवू शकेल असं डायलिसिसचं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. विलेम कोल्फ हॉलंडमधल्या कांपेन गावी ते 1943 मध्ये चालवून दाखवतील आणि त्यावर पहिला रुग्ण वाचायला 1945 उजाडेल.

बाहेर युक्रेनभर माणसं उपाशी मरताहेत. स्टालिनच्या राजवटीतल्या त्या दुष्काळाचा सर्वांत भीषण काळ म्हणजे 1933 चा हाच वसंत.

54 तास

साठ वर्षांचा एक माणूस रुग्णालयात मरण पावतो. कवटीच्या तळाचं हाड मोडलेलं होतं. त्याच्या किडन्या मात्र शाबूत आहेत.

शल्यचिकित्सक युरी वोरोनोय तेव्हा 37 वर्षांचे आहेत. वडील गेओर्गी वोरोनोय मोठे गणिती. संगणकाच्या आणि नकाशांच्या जगात आज ‘वोरोनोय आकृत्या’ म्हणतात, त्या त्यांच्याच नावाच्या. मुलगा कीव्हला चेर्न्याखीव्स्की यांच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकला आणि नसा जोडण्याच्या कामात रमला.

मेलेल्या माणसाचा अवयव घ्यायचा, ही कल्पना त्यांच्या भोवतालात तेवढी अघोरी राहिलेली नव्हती. खार्कीवला शामोव्ह यांनी 1928 मध्ये मेलेल्या कुत्र्यांचं रक्त जिवंत कुत्र्यांना चढवून दाखवलं होतं. मॉस्कोत युदिन यांनी 1930 मध्ये मृताचं रक्त माणसाला दिलं आणि ते मानवलं. मृत्यूनंतर काही तास रक्त कामी येत असेल, तर किडनी का नाही? तर्क वरवर बिनतोड आहे. पण रक्त शरीरातून काढून ठेवलं तरी टिकतं, किडनीच्या नलिकांना मात्र प्राणवायू सतत लागतो. कोमट देहात रक्तप्रवाह थांबला की तासाभरातच त्यांची नासाडी सुरू होते. आज काढलेली किडनी थंड द्रावणाने धुऊन बर्फात ठेवतात, तशी सहा तास ती आरामात राहते. इथे ती सहा तास मृतदेहातच राहते.

49 तास

आता वोरोनोय यांच्यापुढे दोन रक्तगट आहेत. बाईचा ओ, मृताचा बी.

हे त्यांना ठाऊक आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून तीस वर्षं होऊन गेली, आणि नोबेल तर त्यांना तीनच वर्षांपूर्वी मिळालं. ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त चढवत नाहीत. उलट असतं, म्हणजे मृताचा ओ आणि तिचा बी, तर अडलं नसतं. पण उलट नाही.

मग हा माणूस पुढे का जातो? निष्काळजीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. परक्या किडनीविरुद्ध शरीर प्रतिद्रव्यं तयार करतं, हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ज्या मोजक्या लोकांनी दाखवलं, त्यांत खुद्द वोरोनोय होते. कुत्र्याच्या मानेत किडनी बसवायची आणि त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं शोधायची, हे काम त्यांनी त्याआधी खार्कीवला असताना केलं होतं. नकाराची यंत्रणा त्यांना त्या वेळच्या बहुतेकांपेक्षा अधिक कळत होती.

आणि नेमक्या त्या ज्ञानातूनच त्यांनी वाट काढली. शरीराची परकं ओळखण्याची ताकद ज्या पेशींत असते असं तेव्हा मानत, त्या रेटिक्युलो-एंडोथेलियल व्यवस्थेला पाऱ्याने लकवा बसतो, असा त्यांचा कयास. म्हणजे ज्या विषाने किडनी मारली, तेच विष परकी किडनी स्वीकारायला शरीराला भाग पाडेल! शिवाय नवी किडनी कायमची नकोच आहे. जुनी जागी होईपर्यंत थोडे दिवस चालली तरी पुरे. पुढे छापलेल्या लेखाचं शीर्षकसुद्धा याच दोन गोष्टींवर आहे: पाऱ्याच्या विषबाधेत या व्यवस्थेची होणारी कोंडी, आणि लघवी बंद पडल्यावर मृताच्या किडनीने करायचा उपचार.

मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण वाटतो. अज्ञानी माणूस रक्तगट पाहून थांबला असता. हुशार माणसाला न थांबण्याचं कारण सापडलं. मुळात पाऱ्याने या पेशी थोड्या मंदावल्या असं धरलं, तरी ओ गटाच्या माणसाच्या रक्तात बी-विरोधी प्रतिद्रव्यं जन्मानंतर थोड्याच काळात तयार होऊन बसलेली असतात. ती नव्याने बनवायची नसतात. कारखाना बंद पाडून गोदामातला माल नाहीसा होत नाही.

48 तास

शस्त्रक्रिया. बाईला पूर्ण भूल देत नाहीत. मांडीचा भाग तेवढा सुन्न करतात.

किडनी तिच्या मूळ जागी, पाठीकडे, बसवायची नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी धमनी आणि शीर हाताशी असतात, शिवाय पोट उघडावं लागत नाही. इतका अशक्त रुग्ण मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही. किडनीची धमनी मांडीच्या धमनीला, शीर शिरेला. मूत्रवाहिनीचं टोक त्वचेतून बाहेर काढायचं, म्हणजे लघवी थेंबाथेंबाने डोळ्यांसमोर पडेल.

काडीएवढ्या नळीला टाके घालताना ती आत चेपते, भोक बंद होतं, रक्त गोठतं. त्यावर अलेक्सिस कारेल यांनी 1902 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला तोड काढली होती. गोल तोंडावर सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते ताणून धरायचे. गोलाचा त्रिकोण होतो आणि एकेक सरळ बाजू बारीक सुईने शिवत जायची. या शोधाला 1912 चं नोबेल मिळालं. त्याआधी आणि नंतर युरोपात बकरीच्या, डुकराच्या आणि माकडाच्या किडन्या माणसांना लावून झाल्या, सगळ्या फसल्या. माणसाची मात्र कुणी लावली नव्हती.

क्लॅम्प सोडतात. रक्त आत शिरतं, धमनी उडू लागते. मूत्रवाहिनी आकुंचन पावते. आणि लघवी येते.

शिवणकाम निर्दोष आहे.

पहिल्या दिवसाचे तास

लघवी थोडीच, पण येते आहे. ज्या बाईला लघवीच होत नव्हती, तिच्या मांडीतून ती टपकताना पाहून त्या खोलीतल्यांना काय वाटलं असेल, ते डॉक्टरांपेक्षा अशा रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांनाच जास्त कळेल.

आत मात्र उलटा खेळ चालू आहे. बी गटाची खूण तांबड्या पेशींपुरती नसते, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पडद्यावरही ती असते. बाईचं रक्त जितक्या मोकळेपणी आत जातं, तितकी प्रतिद्रव्यं त्या पडद्याला चिकटतात. टाके चांगले, म्हणून हल्ल्याची वाटही चांगली. सहा तास रक्ताविना राहिलेल्या नलिकांना सावरायला मुळात दिवस हवे होते. दोन्ही संकटं एकाच किडनीवर एकाच वेळी आली.

24 तास

काम मंदावतं. वोरोनोय तिच्या शरीरातलं रक्त काढून दुसरं भरतात. साठलेलं विष तेवढंच कमी व्हावं, हा हेतू. हातात असलेला हाच एक इलाज आहे आणि तो अपुरा आहे.

0 तास

5 एप्रिल. बाई मरण पावते. शवविच्छेदनात जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या सापडतात.

नंतर

वोरोनोय यांनी याला फसलेला प्रयोग मानलं नाही. मृताची किडनी माणसात रक्त धरते आणि लघवी करते, एवढं सिद्ध झालं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. लेख स्पॅनिशमध्ये ‘एल सिग्लो मेदिको’ या नियतकालिकात 1936 मध्ये आला. त्याच वर्षी जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. हा लेख फारसा कुणाच्या नजरेत आला नाही, आणि पॅरिस व बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी पुढे किडनी बसवण्याचं काम बरंचसं पुन्हा पहिल्यापासून केलं.

मधले दिवस निभावण्याची कल्पना मात्र सरस होती. बॉस्टनला 1947 मध्ये ह्यूम, हफनेगल आणि लँडस्टायनर या तिघा तरुण डॉक्टरांनी (हे दुसरे लँडस्टायनर, अर्न्स्ट) लघवी बंद पडलेल्या एका बाईच्या दंडाला मृताची किडनी जोडली, कातडीच्या बाहेरच ठेवून, टेबलावरच्या दिव्याच्या उबेत. ती थोडाच वेळ चालली. बाईच्या स्वतःच्या किडन्या पुढे जाग्या झाल्या.

महायुद्धानंतर वोरोनोय यांनी मृतांच्या किडन्या घेऊन आणखी पाच शस्त्रक्रिया केल्या. एकही किडनी टिकली नाही. 1961 मध्ये ते वारले, तोवर बॉस्टनमध्ये एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवून सहा वर्षं उलटली होती. तिथे पेशींना लकवा आणण्याचा प्रश्नच आला नाही, कारण शरीराला त्या किडनीत परकं काही सापडलंच नाही.