लाजेचें दुखणें आणि वैद्याचें दार

मनुष्य पोटदुखी वैद्यास सांगतो, दांतदुखी सांगतो. परंतु पुरुषत्वाच्या दौर्बल्याविषयीं त्याचें तोंड उघडत नाहीं. हा संकोच विद्येच्या अभावीं आला असें मात्र म्हणतां येत नाहीं. चरकसंहितेंत क्लैब्याचे चार प्रकार सांगितले असून वार्धक्यानें येणारें क्लैब्य हा त्यांतलाच एक होय. सुश्रुतानें सहा प्रकार मानले आणि मनाच्या उद्वेगानें उत्पन्न होणाऱ्या 'मानस' क्लैब्यास त्यांत स्वतंत्र स्थान दिलें. प्राचीन वैद्यांनीं ज्यास रोग म्हटलें, तो पुढील समाजानें कलंक मानला.

कलंक लपवावा लागतो, आणि लपविलेल्या दुखण्यावर व्यापार चालतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत धातुपुष्टीच्या गोळ्या आणि नामर्दपणावरील रामबाण औषधें यांच्या जाहिराती वृत्तपत्रांतून झळकत. माल टपालानें घरपोंच येई. कोणास तोंड दाखवावें लागत नसे. तरुणपणींच्या संवयीनें पुरुषत्व नष्ट होतें, असें भय आधीं मनांत भरवावयाचें आणि मग त्याच भयावर औषध विकावयाचें, अशी ही रीत होती.

या अंधारांत मुंबईहून एका गृहस्थानें दिवा लावला. रघुनाथ धोंडो कर्वे हे वैद्य नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि जुलै १९२७ मध्यें 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें. त्यांत वाचकांच्या खाजगी शंकांस ते स्पष्ट शब्दांत उत्तरें देत. जें घरांत बोलतां येत नव्हतें आणि गांवच्या डॉक्टरापुढें उच्चारवत नव्हतें, तें पत्रांत लिहितां येऊं लागलें.

हीं उत्तरेंच खटल्यास कारण झालीं. १९३४ सालीं अश्लीलतेच्या आरोपावरून कर्वे न्यायालयापुढें उभे राहिले. त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घेतलें. लैंगिक शिक्षण हाच मासिकाचा विषय असतां वाचकानें विचारलेल्या शंकेस उत्तर कां देऊं नये, अशी त्यांची भूमिका होती. निकाल विरुद्ध गेला व कर्व्यांस दोनशें रुपये दंड झाला. तरीही मासिक बंद पडलें नाहीं. १९५३ सालीं कर्वे निवर्तले, त्या वर्षापर्यंत तें चाललें.

पुढें कायद्याची दृष्टि पालटली. ज्या कायद्यानें उत्तर देणारास दंड केला होता, त्याच्या जोडीस १९५४ सालीं दुसरा कायदा आला आणि त्यानें कामशक्ति वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस बंदी केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रकाश कोठारी यांनीं या शाखेचा स्वतंत्र विभाग उभारला. १९९८ सालीं अमेरिकेंत सिल्डेनाफिल या गोळीस मान्यता मिळाली.

आज नवीन जालन्याच्या बाजारपेठेंत राहणाऱ्या गृहस्थास या दुखण्यासाठीं मुंबईस पत्र लिहिण्याचें कारण नाहीं; २०२४ सालीं जालन्यासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. उरली आहे ती जुनीच अडचण. दवाखान्यांत कोणी ओळखीचें भेटेल या धास्तीनें मनुष्य दार ओलांडीत नाहीं आणि पुन्हां जाहिरातीकडेच वळतो.

हें मौन केवळ संसारसुखासच घातक आहे असें नाहीं. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असतात; म्हणून रक्तवाहिन्यांचा विकार पुष्कळदां तेथें आधीं प्रकट होतो आणि हृदयांत मागाहून. मधुमेहाचीही कित्येकदां हीच पहिली सूचना असते. म्हणून जाणता डॉक्टर रक्तांतील साखर व रक्तदाब तपासतो, तंबाखूविषयीं विचारतो, चालू असलेलीं औषधें पाहतो. झोपेंत किंवा पहांटे ताठरता येते काय, हेंही तो विचारतो. येत असल्यास कारण बहुधा मनांत शोधावें लागतें. हृदयविकारासाठीं नायट्रेट घेणाऱ्यानें सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकाएकीं खालीं जाऊन प्राणावर बेततें. चोरून मागविलेल्या पुडीबरोबर ही सूचना कोणी देत नाहीं.

या सर्व तपासणीस रोग्याचें एकच वाक्य पुरेसें होतें. तेवढें वाक्य निर्भयपणें बोलतां यावें आणि त्यास सरळ उत्तर मिळावें, एवढ्याचसाठीं १९३४ सालीं एका प्राध्यापकानें दंड भरला होता.